विश्लेषण : रान्माचा ‘स्टीव्हन’ का झाला? तीन दशकांपूर्वीच्या एका व्हिडीओ गेमची वेषांतरकथा

थंड पाण्याचा शिपका बसला की मुलगी आणि गरम पाणी अंगावर पडले की पुन्हा मुलगा, अशा विचित्र शापात अडकलेल्या रान्मा साओतोमेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस जपानला पोट धरधरून हसवले. ऑक्टोबर २०२४ पासून ‘माप्पा’ या जपानी स्टुडिओने त्याची नवी अ‍ॅनिमेशन मालिका आणली आणि नेटफ्लिक्समुळे ती भारतातल्या घरांतही पोहोचली. याच रान्मावर १९९२ मध्ये व्हिडीओ गेम निघाला, अमेरिकेत गेला आणि तिथे पोहोचेपर्यंत त्यात रान्माच उरला नाही. त्याचे नाव, चेहरा, गाव, संगीत सारे बदलले होते. हे कसे झाले, का झाले आणि आज त्याची दखल का घ्यायची, याचा हा आढावा.

रान्मा म्हणजे कोण?

‘रान्मा १/२’ ही रुमिको ताकाहाशी यांची चित्रकथा, म्हणजेच मांगा. १९८७ ते १९९६ या काळात ती ‘शोनेन संडे’ या जपानी साप्ताहिकात प्रसिद्ध झाली आणि पुढे तिचे ३८ खंड झाले. नावातला ‘एक द्वितीयांश’ म्हणजे अर्धा मुलगा आणि अर्धी मुलगी असलेला नायक. मार्शल आर्ट शिकवणाऱ्या बापाबरोबर रान्मा चीनमधल्या एका शापित झऱ्यांच्या प्रदेशात सरावाला जातो. तिथे ज्या झऱ्यात पडावे, त्या झऱ्यात पूर्वी बुडून मेलेल्याचे रूप मिळते. रान्मा मुलीच्या झऱ्यात पडतो, बाप गेन्मा पांडाच्या. थंड पाण्याने शाप जागा होतो, गरम पाण्याने तेवढ्यापुरता उतरतो. पांडा झालेल्या बापाला बोलता येत नाही, म्हणून तो लाकडी फलकांवर लिहून संवाद साधतो. रान्माचा प्रतिस्पर्धी र्‍योगा भिजला की काळ्या डुकराचे पिल्लू होतो, शाम्पू नावाची चिनी मुलगी मांजर होते. त्यात वडिलांनी परस्पर ठरवलेले लग्न आणि नवरी अकाने हिला मुळात मुलांचाच तिटकारा.

१९८९ च्या एप्रिलमध्ये फुजी टीव्हीवर तिची मालिका सुरू झाली आणि १९९२ च्या सप्टेंबरपर्यंत दोन टप्प्यांत तिचे १६१ भाग झाले. ‘उरुसेई यात्सुरा’, ‘मेझोन इक्कोकु’ आणि ‘इनुयाशा’ याही ताकाहाशी यांच्याच कलाकृती. त्यांच्या पुस्तकांच्या २० कोटींहून अधिक प्रती जगभरात गेल्या. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेम चित्रकथा महोत्सवाने त्यांना सर्वोच्च पुरस्कार दिला. म्हणजे हा कुणा अनोळखी लेखकाचा किरकोळ ऐवज नव्हता.

विनोदी मालिकेवर मारामारीचा खेळ कसा?

वरवर पाहता हे न जुळणारे वाटते. पण रान्माच्या जगात प्रत्येक भांडण कुस्तीच्या आखाड्यासारखे होते. त्याच्या घराण्याच्या विद्येचे नावच ‘वाट्टेल ते चालते’ अशा अर्थाचे आहे. या कथेत चहापानाच्या विधीची मार्शल आर्ट आहे, स्केटिंगची आहे, लयबद्ध जिम्नॅस्टिक्सची आहे, एवढेच काय घरपोच जेवण पोहोचवण्याच्या शर्यतीचीही आहे. प्रत्येक पात्राचे हत्यारही ठरलेले. र्‍योगाची जड छत्री, शाम्पूच्या गदा, तर ओकोनोमियाकी म्हणजे तव्यावरचे जपानी धिरडे विकणाऱ्या उक्योचे माणसाएवढे उलथने.

दोन खेळाडूंच्या लढतीच्या खेळाला लागते तरी काय? वेगळ्या बांध्याची, वेगळ्या चालीची आणि लांबूनही ओळखू येतील अशी दहा-बारा पात्रे. ताकाहाशी यांनी ती आयतीच तयार ठेवली होती. त्यामुळे गेम कंपन्यांची नजर या मालिकेवर पडली यात नवल नाही.

मात्र एक अडचण होती. मालिकेतला विनोद अवेळी होणाऱ्या रूपांतरात आहे. ऐन लढाईत कुणीतरी बादली उलटी करते आणि सगळा डाव फिरतो. लढतीच्या खेळाला मात्र समतोल हवा असतो. दोघांना सारखी संधी मिळाली नाही तर खेळणारा चिडतो. त्यामुळे ‘बाकुरेत्सु रांतोहेन’ या दुसऱ्या खेळात मुलगा रान्मा आणि मुलगी रान्मा हे निवडीच्या पडद्यावर दोन स्वतंत्र खेळाडू झाले. रूपांतराचा धक्का त्यात थोडा हरवला, तरी दोन्ही रूपे मान्य झाली, दोन्ही लढली. मूळ कल्पनेशी प्रामाणिक राहून माध्यमाची मर्यादा सांभाळण्याचा हा मार्ग होता.

१९९२ मध्ये बाजारात काय चालले होते?

निन्टेन्डोचा ‘सुपर फॅमिकॉम’ हा १६ बिटांचा कन्सोल जपानमध्ये नोव्हेंबर १९९० मध्ये आला आणि १९९१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर निन्टेन्डो’ या नावाने. जगभर त्याची विक्री ४ कोटी ९१ लाखांवर गेली. त्याच १९९१ मध्ये कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर २’ गेम पार्लरमध्ये आला आणि नाण्यांच्या राशी लागल्या. १९९२ च्या जूनमध्ये तो सुपर फॅमिकॉमवर उतरला. १६ मेगाबिट म्हणजे आजच्या हिशोबाने जेमतेम दोन मेगाबाइटच्या त्या कॅसेटच्या ६३ लाख प्रती खपल्या. मोबाइलवरच्या एका साध्या छायाचित्राएवढ्या जागेत एक अख्खा उद्योग उभा राहिला.

रान्मावरचा ‘चोनाई गेकितोहेन’ हा खेळ मात्र त्याच्याही आधी, २७ मार्च १९९२ रोजी आला. एनसीएस या कंपनीने तो तयार केला आणि ‘मसाया’ या आपल्या छापाखाली विकला. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘गल्लीतली जंगी लढाई’. दुसरा ‘बाकुरेत्सु रांतोहेन’ त्याच वर्षी नाताळाच्या दिवशी आला. १९९४ मध्ये तिसराही आला, पण तो जपानपुरताच राहिला. ‘स्ट्रीट फायटर २’ची सफाई पहिल्या खेळात नव्हती. तरीही टीव्हीवर दिसणारी पात्रे स्वतःच्या हाताने लढवायला मिळणे, हेच जपानी मुलांना पुरेसे होते.

अमेरिकेत गेल्यावर काय घडले?

पहिला खेळ आयरेम कंपनीने १९९३ मध्ये अमेरिकेत ‘स्ट्रीट कॉम्बॅट’ या नावाने आणला. नावातच ‘स्ट्रीट फायटर’च्या लाटेवर स्वार होण्याचा इरादा उघड होता. आत डोकावले तर रान्माच्या जागी चिलखत घातलेला ‘स्टीव्हन’ नावाचा तरुण उभा होता. इतर पात्रांनाही नवे चेहरे आणि नवी नावे मिळाली. जपानी गल्ल्यांची पार्श्वचित्रे गेली, संगीत बदलले. झरे, शाप, पाणी, ठरवलेले लग्न, सारी कथा पुसली गेली.

तांत्रिक बाजूने पाहिले तर हे काम सोपे नव्हते. त्या काळच्या खेळांतले प्रत्येक पात्र छोट्या चित्रांच्या मालिकेने बनलेले असे. उभे राहणे, चालणे, उडी, ठोसा, लाथ, मार खाणे, पडणे, प्रत्येक कृतीची वेगळी चित्रे. मूळ खेळाचा सांगाडा ठेवून पात्र बदलायचे तर ही सगळी चित्रे नव्याने रंगवावी लागतात. खालची चाल मात्र तीच राहते, कारण ठोसा कुठवर पोहोचतो आणि उडी किती उंच जाते हे आज्ञावलीत आधीच ठरलेले असते. त्यामुळे ‘स्ट्रीट कॉम्बॅट’ हे अंगात दुसऱ्याचे कपडे घालून आलेल्या पाहुण्यासारखे झाले. पात्रे अशी का लढतात, याचे कारण कथेत होते आणि कथा जपानमध्येच राहिली होती.

भाषांतरात शब्द बदलतात, रूपांतरात संदर्भ बदलतात. इथे झाले ते वेषांतर. भाषांतर आणि रूपांतर वाचकाला मूळ कृतीच्या जवळ नेतात. वेषांतराचा हेतू मूळ कृती ओळखूच येऊ नये हा असतो. अमेरिकेतल्या ज्या मुलाने ‘स्ट्रीट कॉम्बॅट’ खेळला, त्याला रुमिको ताकाहाशी नावाची कुणी लेखिका आहे, हे त्या खेळातून कळण्याची सोय नव्हती.

असे करण्यामागचा हिशोब काय?

कंपनीच्या बाजूने विचार केला तर हिशोब समजण्यासारखा आहे. १९९३ च्या सुरुवातीला बहुतांश अमेरिकी मुलांनी रान्माचे नाव ऐकलेले नव्हते. अनोळखी पात्राच्या परवान्याला बाजारात किंमत नसते, उलट दुकानदाराला ते काय आहे हे समजावत बसावे लागते. चित्रे बदलण्याचा खर्च एकदाच होतो, अनोळखीपणाचा तोटा मात्र प्रत्येक प्रतीमागे सोसावा लागतो. शिवाय लढतीच्या खेळांची लाट जोरात असताना दुकानात माल असणे महत्त्वाचे होते. तेव्हा तयार खेळ घ्या, वरचा मुलामा बदला आणि विका.

याखेरीज निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे नियम त्या काळी कडक होते. रक्त, धार्मिक चिन्हे, नग्नता यांना तिथे मनाई असे. कॅपकॉमच्या ‘फायनल फाइट’मधल्या पॉयझन आणि रॉक्सी या दोन पात्रांच्या जागी अमेरिकी सुपर निन्टेन्डोवर बिली आणि सिड हे पुरुष आणले गेले. १९९३ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये रक्ताच्या जागी घामाचे करडे थेंब उडताना दिसले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी सिनेटमध्ये व्हिडीओ गेममधल्या हिंसेवर सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये वयानुसार प्रतवारी देणारी ‘ईएसआरबी’ ही व्यवस्था उभी राहिली. अशा वातावरणात क्षणात मुलगा आणि क्षणात मुलगी होणारा नायक व्यापाऱ्याला जोखमीचा वाटला तर आश्चर्य नाही.

हा एकटाच प्रकार होता का?

अजिबात नाही. तो त्या काळचा रिवाज होता. ‘ड्रॅगन बॉल’वरचा निन्टेन्डोच्या यंत्रावरचा पहिलावहिला खेळ १९८८ मध्ये अमेरिकेत ‘ड्रॅगन पॉवर’ म्हणून गेला आणि गोकूचे रूप बदलले. ‘फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार’वरचे सेगाचे दोन खेळ तिथे ‘ब्लॅक बेल्ट’ आणि ‘लास्ट बॅटल’ झाले. ‘आनमित्सु हिमे’ या विनोदी मालिकेतल्या राजकन्येचा खेळ ‘अ‍ॅलेक्स किड’च्या नावावर खपवला गेला. ‘मॅजिकल हॅट’ या आणखी एका विनोदी अ‍ॅनिमे मालिकेवरच्या खेळातून डोके फेकून मारणाऱ्या ममीचा ‘डीकॅप अटॅक’ जन्मला. ‘पुयो पुयो’ या कोड्याच्या खेळातली पात्रे एकदा डॉ. रोबोटनिकच्या आणि एकदा कर्बीच्या नावाखाली झाकली गेली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. यातले काही बदल कल्पक होते. ‘डोकी डोकी पॅनिक’ हा जपानी खेळ पात्रे बदलून १९८८ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ झाला आणि त्यातली भर पुढे मारिओच्या विश्वात कायमची सामावली. ‘डीकॅप अटॅक’लाही स्वतःचे चाहते आहेत. काही बदल केवळ कायदेशीर सावधगिरीचे होते. ‘स्ट्रीट फायटर २’मधल्या मुष्टियोद्ध्याचे मूळ जपानी नाव माइक टायसनची आठवण करून देणारे, म्हणून परदेशी आवृत्तीत तीन खलनायकांच्या नावांची आपसांत अदलाबदल झाली. प्रत्येक बदल म्हणजे अन्याय असे म्हणता येत नाही. प्रश्न इतकाच की बदलातून नवे काही मिळाले, की केवळ जुने खोडले गेले? ‘स्ट्रीट कॉम्बॅट’च्या बाबतीत उत्तर दुसरे आहे. विनोद गेला आणि त्या जागी काहीच आले नाही.

मग खरा रान्मा अमेरिकेत कसा पोहोचला?

या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग हाच. १९९२-९३ च्या सुमारास ‘व्हिझ’ या प्रकाशन कंपनीने रान्माची चित्रकथा आणि नंतर मालिकेच्या व्हिडीओ कॅसेट इंग्रजीत आणायला सुरुवात केली. वाचक मिळाले, चाहते जमले. १९९३ संपता संपता दुसरा खेळ ‘रान्मा १/२ : हार्ड बॅटल’ या नावाने डीटीएमसी या छोट्या कंपनीने अमेरिकेत आणला. युरोपात तो ओशन कंपनीमार्फत गेला. या वेळी शीर्षकात रान्मा होता, पडद्यावर रान्मा होता, त्याची दोन्ही रूपे होती आणि पांडाही होता.

एकाच मालिकेवरचे, एकाच वर्षी जपानमध्ये निघालेले दोन खेळ आणि अमेरिकेत काही महिन्यांच्या अंतराने दोन टोकांच्या वागणुका. या काही महिन्यांत अमेरिकी मुलांची बुद्धी वाढली नव्हती. बदलले होते ते इतकेच, की मूळ कथा त्यांच्या हाती कुणीतरी दिली होती. ‘आपल्या ग्राहकाला हे कळणार नाही’ हा व्यापाऱ्याचा आडाखा बहुतेक वेळा ग्राहकाची परीक्षा न घेताच मांडलेला असतो.

प्रेक्षकाला परके खरेच पचत नाही का?

याचे उत्तर शोधायला मराठी वाचकाला फार लांब जावे लागणार नाही. ‘डोरेमॉन’ अमेरिकेत २०१४ मध्ये नव्याने दाखवला गेला तेव्हा नोबिताचा ‘नोबी’, शिझुकाची ‘स्यू’ आणि जियानचा ‘बिग जी’ झाला. चॉपस्टिकच्या जागी काटे दिसू लागले. भारतात हिंदीत भाषांतरित झालेला तोच डोरेमॉन नोबिता, शिझुका, जियान आणि सुनियो या मूळ नावांनिशी आला. दोरायाकी म्हणजे काय हे कुणी वेगळे समजावले नाही. मुंबई-पुण्यातली आणि नागपूर-सोलापुरातली मुले ती नावे आपल्या वर्गमित्रांच्या नावांसारखी घेऊ लागली. दोरायाकी कधी चाखली नाही म्हणून कुणाचा रसभंग झाला नाही.

म्हणजे आपण फार उदार असेही नाही. ‘शिनचॅन’ या विनोदी मालिकेवर २००८ मध्ये पालकांच्या तक्रारी आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाचा आक्षेप यांमुळे बंदी आली. नंतर ती काटछाट करून परतली. मुलांपुढे काय यावे याची काळजी करणे पालकांचा आणि समाजाचा हक्कच आहे. पण दोन गोष्टींत फरक करायला हवा. वयाला न शोभणारा भाग गाळणे वेगळे आणि परका आहे म्हणून त्याची ओळखच पुसणे वेगळे. पहिल्यात निदान कारण सांगावे लागते, वाद होतो, बाजू मांडता येते. दुसरे गुपचूप होते. ज्याचे नाव पुसले त्यालाही कळत नाही आणि ज्याच्यासाठी पुसले त्यालाही नाही.

रान्माच्या बाबतीत हे अधिक बोचते. कारण त्याचा विनोद याच प्रश्नावर उभा आहे. बाहेरचे रूप बदलले म्हणून आतला माणूस बदलतो का? मुलगी झालेल्या रान्माची हुशारी, घमेंड आणि भांडखोरपणा तसाच राहतो, बदलते ती लोकांची वागणूक. तीन दशकांनंतर नव्या मालिकेलाही प्रेक्षक मिळाले, याचे एक कारण या प्रश्नाची ताजेपणाने टिकलेली गंमत हे आहे. नव्या मालिकेत कापेई यामागुची आणि मेगुमी हायाशिबारा या मूळ कलाकारांनीच रान्माच्या दोन रूपांना पुन्हा आवाज दिला. जपानमध्ये सातत्य जपण्याची एवढी आस्था, आणि निर्यातीच्या मालावर मात्र एकेकाळी नावही शिल्लक ठेवले नाही.

हे खेळ आज कुठे आहेत?

प्रश्न केवळ जुन्या आठवणींचा असता तर तो संग्राहकांवर सोडून देता आला असता. पण व्हिडीओ गेम हे आता चित्रपटांइतकेच मोठे सांस्कृतिक माध्यम आहे आणि त्याचा इतिहास वेगाने दिसेनासा होत आहे. ‘व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये ‘३डीएस’ आणि ‘वी यू’ या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली, तेव्हा त्यांवरचे शेकडो जुने खेळ एका दिवसात विक्रीतून गेले.

मालिकांच्या परवान्यावर बेतलेल्या खेळांची अवस्था आणखी बिकट. ‘स्ट्रीट फायटर’ पुन्हा काढायचा तर कॅपकॉमने ठरवले की झाले. रान्मासारख्या खेळासाठी चित्रकथेची लेखिका, तिचा प्रकाशक, मालिकेचे निर्माते, आवाजाचे कलाकार आणि गेम बनवणारी कंपनी अशा अनेकांची संमती लागते. परदेशी आवृत्त्या काढणाऱ्या कंपन्यांपैकी डीटीएमसीसारखी एखादी तर उरलेलीच नाही. हक्क कुणाचे हे शोधण्यातच नफ्याहून जास्त खर्च होतो. म्हणून असे खेळ क्वचितच पुन्हा बाजारात येतात.

राहता राहिली मूळ कॅसेट. तिच्यातली चिप बरीच वर्षे टिकते, पण जोडाच्या पट्ट्या गंजतात, यंत्रातले कपॅसिटर निकामी होतात आणि ज्या जाड काचेच्या टीव्हीसाठी ती चित्रे रंगवली होती, ते टीव्ही भंगारात गेले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरात टीव्हीला जोडले जाणारे व्हिडीओ गेम बहुतांशी निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राच्या नकला होत्या. ‘इतके लाख खेळ एकात’ असे छापलेल्या त्या कॅसेटमध्ये तेच ते खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असत. त्या पिढीने काय खेळले, याची नोंदही कुणी ठेवली नाही.

कायदा काय म्हणतो?

जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर, बनवणे हा स्वतःहून गुन्हा नाही, असे अमेरिकेतील अपिलीय न्यायालयाने २००० मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात मान्य केले. पण त्यावर चालवायच्या खेळाची प्रत हक्कधारकाच्या परवानगीविना वाटणे बेकायदा ठरते. ग्रंथालये आणि संग्रहालये यांनी अशा बाजारात नसलेल्या खेळांच्या प्रती अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने पाहू द्याव्यात, अशी सवलत मागितली गेली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. लोक अभ्यासाच्या नावाखाली करमणूक करतील, अशी भीती उद्योगाने व्यक्त केली होती.

ती भीती पूर्णपणे खोटी म्हणता येणार नाही. पण जुनी कादंबरी ग्रंथालयातून नेणारा माणूसही करमणुकीसाठीच नेतो, म्हणून आपण ग्रंथालयांना कुलूप लावत नाही. जपानने वेगळी वाट धरली आहे. तिथल्या राष्ट्रीय डायट ग्रंथालयात ऑक्टोबर २००० पासून पॅकेज स्वरूपातल्या इलेक्ट्रॉनिक प्रकाशनांची प्रत जमा करण्याची तरतूद लागू झाली आणि त्यात व्हिडीओ गेमही येतात. त्याआधीच्या, म्हणजे रान्माच्या काळातल्या खेळांसाठी तोक्योमधली ‘गेम प्रिझर्व्हेशन सोसायटी’ ही स्वयंसेवी संस्था आणि क्योटोचे रित्सुमेइकान विद्यापीठ काम करते. तरीही या खेळांची प्रत्यक्ष ओळख करून घ्यायची तर आजच्या तरुणाला बहुधा कायद्याच्या कुंपणापलीकडेच जावे लागते. ज्या वारशाचे जतन केवळ चोरट्या प्रतींवर अवलंबून आहे, तो वारसा सुरक्षित आहे असे म्हणता येणार नाही.

पुढे काय व्हायला हवे?

तीन गोष्टी शक्य आहेत. पहिली, नवी मालिका, नवा चित्रपट काढताना जुन्या खेळांच्या पुनर्प्रकाशनाचे हक्कही त्याच करारात सोडवून घेणे. प्रेक्षक ताजे असतानाच हा खर्च परवडतो. दुसरी, बाजारात वर्षानुवर्षे न मिळणाऱ्या खेळांसाठी ग्रंथालये व विद्यापीठे यांना मर्यादित का होईना, पण स्पष्ट सवलत देणे. तिसरी, पुनर्प्रकाशन करताना ‘स्ट्रीट कॉम्बॅट’सारख्या बदललेल्या आवृत्त्याही मूळ खेळाच्या शेजारी ठेवणे. त्या लाजिरवाण्या वाटल्या तरी पुसू नयेत. एका समाजाने दुसऱ्याची गोष्ट कशी झाकून घेतली, याचा तो पुरावा आहे. वेषांतराची चूक दुसऱ्या वेषांतराने सुधारत नाही.

भारतात आज गेम बनवणाऱ्या तरुणांची संख्या वाढते आहे आणि आपल्या कथा, आपली गावे, आपली नावे घेऊन जगाच्या बाजारात जाण्याचे स्वप्न ते पाहत आहेत. तेव्हा त्यांनाही कुणीतरी सांगेल की नायकाचे नाव जरा सोपे करा, तिकडे कळणार नाही. त्या वेळी रान्माच्या दोन खेळांची ही गोष्ट हाताशी असावी. चेहरा बदलून गेलेला पहिला खेळ आज आठवतो तो गमतीदार अपघात म्हणून. ज्याने आपले नाव, आपला पांडा आणि आपला शाप घेऊन प्रवास केला, त्या रान्माला तीस वर्षांनंतरही जगभरात त्याच नावाने हाक मारली जाते.